चित्रपट एकच, पण कुणी कसा पाहिला? एका वादाचं प्रकरण

आमच्या गटात त्या चित्रपटाला एकानेही तीन तारे दिले नव्हते, तरी सगळ्यांची सरासरी काढली तर ती तीनाच्याच आसपास येत होती. निम्म्यांचे चार किंवा साडेचार, निम्म्यांचे दीड किंवा दोन. मधली जागा मोकळी. एरवी असं होत नाही. एखादा चित्रपट दोघांना फार आवडतो, दोघांना अजिबात आवडत नाही आणि बाकीचे 'बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही' या पट्ट्यात असतात. या वेळी 'बरा आहे' म्हणणारं कुणी सापडेना.

सिनेमावर जीव असलेली ही डझनभर माणसं. महिन्यातून एकदा भेटायचं आणि मधल्या काळात जे नवं पाहिलं त्यावर बोलायचं, एवढाच नियम. चर्चेची सूत्रं आणि टिपणांची वही माझ्याकडे असते. त्या वहीच्या आधारानेच हे लिहितो आहे, कारण सिनेमावर गप्पा मारणाऱ्या कुठल्याही मंडळींना हे उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

चित्रपटाचं नाव देत नाही. शेवट सांगितल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही, आणि ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही त्यांचा विरस करायचा नाही. गोष्ट थोडक्यात अशी. आई गेल्यावर दोन भाऊ जुन्या घरात भेटतात. थोरला वीस वर्षांपूर्वी भांडून निघून गेलेला, धाकटा आईजवळ राहिलेला. घर विकायचं आहे, म्हणून दोघं मिळून सामान आवरतात. बोलणं जवळजवळ नाहीच. थोरल्याला एक कोरडा खोकला आहे, तो चित्रपटभर अधूनमधून ऐकू येतो. अंगणाचं फाटक गंजलेलं आहे, उघडताना कुरकुरतं. शेवटी पहाटे थोरला बॅग उचलून निघतो, धाकटा दार लावून घेतो, पडदा काळा होतो आणि श्रेयनामावली सुरू होते.

वादाला सुरुवात केली ती बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. काका आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. चित्रपट लागला की पहिल्या आठवड्यात चित्रगृहात जाऊन पाहणार, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांचं म्हणणं असं की दोन तास दोन भाऊ एकमेकांजवळ येत राहतात आणि शेवटी दिग्दर्शक प्रेक्षकाच्या तोंडावर दार आपटतो. "एवढं सगळं दाखवायचं आणि हातात काय, तर धुपाटणं," असं ते म्हणाले. त्यावर रात्रपाळी करणारी आमच्यातली परिचारिका हळूच म्हणाली, "पण काका, तो परत येतो ना."

"कुठे येतो परत? अगं, तू फोनवर पाहिलास ना? त्या एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार!"

आवाजात राग नव्हता, काका तिच्याशी नेहमीच मायेने बोलतात. पण ती गप्प झाली, आणि पुढचा अर्धा तास शेवट कडवट आहे हे गृहीत धरून चर्चा चालली. आवडलेल्यांनी कडवटपणाची बाजू घेतली, न आवडलेल्यांनी त्यावर झोड उठवली. तो खरंच परत येतो का, हे कुणी विचारलंच नाही.

हे माझ्या लक्षात राहिलं ते एका वेगळ्या कारणाने. वादातली वाक्यं एकमेकांना लागतच नव्हती. एक म्हणे, "कपाटाचा प्रसंग काळजाला भिडतो." दुसरा म्हणे, "कपाटाचा प्रसंग म्हणजे दहा मिनिटं अंधारात कपड्यांच्या घड्या." एक म्हणे, "शांतता अंगावर येते." दुसरा म्हणे, "कुठे शांतता? माझ्या तर लक्षातही आली नाही." आवडीनिवडीचे मतभेद असले की निदान दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. इथे तसं वाटत नव्हतं.

म्हणून पुढच्या भेटीच्या आधी मी प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घेतलं. चित्रपट कुठे पाहिला, कशावर पाहिला, मूळ भाषेत की डब केलेला, आवाज कशातून ऐकला, एका बैठकीत की तुकड्यातुकड्यांत. आणि दोन प्रश्न जरा वेगळे: शेवटचं काय दिसलं? शेवटचं काय ऐकू आलं?

या दोन प्रश्नांनी प्रकरण फुटलं.

शेवट कुठे संपला

काकांनी लिहिलं होतं: शेवटचं दिसलं ते बंद दार, ऐकू आलं ते दाराची कडी. टीव्हीवर पाहणाऱ्या चौघांचं उत्तरही तेच. परिचारिकेच्या कागदावर मात्र असं होतं: "काळ्या पडद्यावर नावं. आधी पावलं, मग फाटक, मग त्याचा खोकला. मग संपलं."

चित्रपट दाराशी संपत नाही. श्रेयनामावलीखाली संगीत नाही, त्या घराचे आवाज आहेत. साधारण दीड मिनिट काहीच घडत नाही आणि मग हे तीन आवाज येतात. ज्याने ते ऐकले त्याच्यासाठी थोरला परतला. ज्याने ऐकले नाहीत त्याच्यासाठी तो गेला तो गेलाच.

मग हे आवाज कुणाला का ऐकू आले नाहीत? काकांचं उत्तर साधं होतं. नावं सुरू झाली, दिवे लागले, माणसं उठली, तेही उठले. डिजिटल चित्रगृहांत दिवे केव्हा लावायचे हे बहुतेक वेळा यंत्रणेत आधीच भरून ठेवलेलं असतं, आणि ती वेळ श्रेयनामावलीच्या सुरुवातीची असते. दिवे लागले म्हणजे चित्रपट संपला, हा संकेत आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांच्या बाबतीत ॲपनेच काम उरकलं. नावं सुरू होताच चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं, पुढच्या चित्रपटाची जाहिरात पडदाभर आली आणि उलटी मोजणी सुरू झाली. सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते किंवा त्या कोपऱ्यातल्या चौकटीवर दाबून परत मूळ चित्रावर येता येतं, पण त्यासाठी अजून काही शिल्लक आहे याचा संशय तरी यायला हवा.

परिचारिकेने पहाटे कामावरून आल्यावर, घरातले झोपलेले असताना, इअरफोन लावून पाहिला होता. फोनमधली रात्रीची ध्वनिव्यवस्था चालू होती. अशा व्यवस्थेत मोठे आवाज दबतात आणि लहान आवाज वर येतात. पुढचं सुरू होऊ देण्याची सोय तिने आधीच बंद केली होती, कारण नाहीतर डोळा लागल्यावर फोन रात्रभर वाजत राहतो. सगळ्यात लहान पडदा तिचा होता आणि चित्रपटाचा शेवट आमच्यात सगळ्यात स्वच्छ तिलाच ऐकू आला होता. मोठ्या पडद्याचा मी कट्टर पक्षपाती आहे. पण या प्रकरणात 'फोनवर पाहिलास ना' या एका वाक्याने गटातली सर्वांत अचूक साक्ष बाजूला पडली, हे नोंदवलंच पाहिजे.

आवाजाचा भाग आमच्यातल्या एकाने नीट समजावून सांगितला. तो स्पीकर-मायक्रोफोनच्या धंद्यात आहे. चित्रपटाचा ध्वनी साधारणपणे 5.1 पद्धतीत मिसळलेला असतो. समोर डावा, मधला आणि उजवा, मागे किंवा बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक, असे सहा मार्ग. संवाद मुख्यतः मधल्या मार्गातून येतात. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतात, तेही बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले. मग सहाचे दोन करावे लागतात. मधला मार्ग साधारणतः 3 डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात वाटला जातो, मागचे आवाजही त्यातच ओतले जातात. चित्रगृहात जो आवाज पाठीमागून, एकटा, जागा सांगत येतो तो घरी पंख्याच्या घरघरीत आणि समोरच्या आवाजांत मिसळून जातो. खोकला असा मागच्या उजव्या बाजूला ठेवलेला होता, कारण कथेत फाटक त्या बाजूला आहे. दोघांनी घरी श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहूनही तो त्यांना ऐकू आला नव्हता. एकाने लिहिलं होतं, "नावांखाली काहीतरी खडखड चालली होती."

हे कळल्यावर शेवटावरचा अर्धा वाद निकालात निघाला. बाकीचा अर्धा कुठून आला ते बाईंच्या कागदावरून कळलं.

बाई म्हणजे गणिताच्या शिक्षिका. त्यांनी डब केलेली आवृत्ती पाहिली होती, कारण सबटायटल वाचत बसलं की चेहरे निसटतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. त्यांच्या कागदावर शेवटचं वाक्य होतं: "फाटकाशी उभा राहून थोरला म्हणतो, आता मी यायचा नाही." हे वाक्य मूळ चित्रपटात नाहीच. तिथे थोरला पाठमोरा आहे, दोन क्षण थांबतो आणि निघतो. पात्राचं तोंड दिसत नसलं की ओठ जुळवायची अडचण नसते, आणि डबिंगमध्ये अशा जागी कधीकधी खुलासा करणारं वाक्य घातलं जातं, म्हणजे प्रेक्षकाला अर्थ लागायला त्रास नको. इथे तो अर्थ दिग्दर्शकाने मुद्दाम उघडा ठेवला होता, आणि डबिंगने तो बंद करून टाकला. बाईंनी श्रेयनामावली पाहिली होती, खोकलाही ऐकला होता. पण "यायचा नाही" हे कानांनी ऐकल्यावर त्या खोकल्याचा त्यांना काही उलगडा होईना. त्यांनी दीड तारा दिला होता आणि कारण लिहिलं होतं, 'शेवट विसंगत'. त्यांनी जे पाहिलं त्यात तो विसंगतच होता.

अशा वादांना जुनी उदाहरणं आहेत. 'शोले' 15 ऑगस्ट 1975 ला प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार करतो, आणि तो शेवट असलेली आवृत्तीही नंतर लोकांच्या पाहण्यात आली. सूड पुरा झाला की नाही यावर भांडणारे दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. 'ब्लेड रनर'चं तर 1982, 1992 आणि 2007 अशा आवृत्त्यांतून शेवटाचं आणि निवेदनाचं रूपच पालटलं. फरक एवढाच की तिथे आवृत्त्या वेगळ्या आहेत हे जाहीर आहे. आमच्या चित्रपटाच्या आवृत्त्या खोलीतले दिवे, इअरफोन आणि ॲपची एक सोय यांनी तयार केल्या होत्या, आणि त्यांची नावं कुठेही लिहिलेली नव्हती.

शेवटाला इतकं महत्त्व का, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. दोन तासांतलं दीड मिनिट निसटलं तर अडीच ताऱ्यांचा फरक पडावा का? पडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेवढेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, पण त्या 30 सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढवलं. परत काय करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण तो जरा बरा संपला होता. आपण आठवणीत सबंध अनुभवाची बेरीज करत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून निवाडा देतो. चित्रपटाबद्दल मत देताना आपण आठवणीबद्दलच बोलत असतो. शेवट वेगळा ऐकलेल्या माणसाला मधले प्रसंगही वेगळे आठवत होते, हे कागदांवरून स्पष्ट दिसलं. ज्यांना खोकला ऐकू आला त्यांनी भावांच्या मधल्या अबोल्याला 'संकोच' म्हटलं होतं. ज्यांना ऐकू आला नाही त्यांनी त्यालाच 'दुरावा' म्हटलं होतं.

अंधार, वेग आणि बाकीचं

कपाटाच्या प्रसंगावरचा वाद शेवटाइतका गुंतागुंतीचा नव्हता. संध्याकाळ झालेली, घरात दिवा लावलेला नाही, दोघं आईच्या साड्या काढून घड्या करतात. कपाटाच्या दाराला आरसा आहे. धाकटा काहीतरी विचारतो आणि थोरला उत्तर देत नाही. त्याची पाठ आपल्याकडे आहे, पण आरशात त्याचा चेहरा दिसतो आणि तो रडतो आहे. प्रसंगाचा प्राण त्या आरशात आहे. ज्यांनी दुपारी, खिडकी उघडी ठेवून टीव्हीवर पाहिला त्यांना आरशात काळोख आणि खिडकीचं प्रतिबिंब दिसलं.

चित्रगृहातला पडदा फार उजळ असतो असं वाटतं, पण तसं नाही. प्रमाण म्हणून पांढऱ्या पडद्याची उजळता दर चौरस मीटरला 48 कँडेला एवढीच धरलेली असते. घरचा टीव्ही त्याच्या कितीतरी पट उजळ होऊ शकतो. चित्रगृहात अंधारातला तपशील दिसतो तो भोवतालचा अंधार खरा असल्यामुळे. शिवाय इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून पाठवलेलं असतं, आणि दाबताना सर्वांत आधी बळी जातो तो काळ्या-करड्या छटांमधल्या बारीक फरकांचा. तिथे पट्टे किंवा चौकोन दिसू लागतात. एप्रिल 2019 मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतल्या रात्रीच्या लढाईच्या भागावर जगभरातून 'काही दिसलंच नाही' अशी तक्रार झाली, आणि त्याच्या छायालेखकाने लोकांच्या टीव्हीच्या मांडणीकडे बोट दाखवलं. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. लोक कसे पाहणार हे माहीत असताना चित्र बनवणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. पण मुद्दा आमच्या गटापुरता आहे. 'प्रसंग रटाळ आहे' आणि 'मला प्रसंग दिसला नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली चित्रपटाची. दुसरी कुणाची, हे आधी शोधावं लागतं.

'शांतता लक्षातही आली नाही' असं म्हणणारा कॉलेजातला मुलगा दीडपट वेगाने पाहत होता. हे त्याने न लाजता लिहिलं, आणि ते बरं झालं. चाळीस सेकंदांची शांतता त्याच्याकडे सत्तावीस सेकंदांची झाली होती, आणि पावलं भरभर पडत असल्यामुळे तीही शांतता वाटत नव्हती. ही सोय आता सर्रास आहे. नेटफ्लिक्सने 2019 मध्ये अँड्रॉइड फोनवर तिची चाचणी घेतली तेव्हा जड अपटाऊ, ब्रॅड बर्ड यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी उघड विरोध केला होता. 2020 मध्ये ती आलीच. माहितीपर व्हिडिओ वेगाने पाहायला माझी हरकत नाही. थांबण्यावर उभ्या असलेल्या चित्रपटाचा वेग वाढवला तर त्याच्या संथपणाबद्दल बोलायचा हक्क राहत नाही, हे माझं मत मी त्याला तोंडावर सांगितलं.

एकीची तक्रार होती की चित्र 'मालिकेसारखं' दिसतं. तिच्या नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू होती. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो, आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो. टॉम क्रूझने डिसेंबर 2018 मध्ये व्हिडिओ करून लोकांना ही सोय बंद करायची विनंती केली होती, आणि पुढच्या वर्षी टीव्ही बनवणाऱ्या आणि चित्रपट कंपन्यांच्या एका संघटनेने अशा सोयी एकदम बंद करणारा 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. तिने सोय बंद केली आणि तक्रार मिटली. तिचे तारे मात्र बदलले नाहीत, ते इतर कारणांसाठी होते.

पुन्हा एकत्र पाहिल्यावर

पुढच्या भेटीत आम्ही मूळ भाषेत कपाटाचा प्रसंग आणि शेवटची पंधरा मिनिटं एकत्र पाहिली. खोली अंधारी केली, ध्वनीवाल्या मित्राने दोन बरे स्पीकर आणले आणि श्रेयनामावली पूर्ण चालू दिली. खोकला आला तेव्हा काकांनी मान वळवून मागे पाहिलं. मग ते परिचारिकेला म्हणाले, "तुझंच बरोबर होतं गं." सगळ्यांसमोर म्हणाले, आणि त्यानंतर त्या दिवशी ती मोकळेपणाने बोलली.

सगळ्यांनी पुन्हा तारे दिले. माझी अपेक्षा होती की खालचे आकडे वर जातील. काही गेले. बाई दीडवरून साडेतीनवर आल्या. दोघं तिघं दोनवरून तीनवर. पण एक साडेचार उतरून तीनवर आला. त्याला तो कडवट शेवटच आवडला होता. त्याच्या मते खोकल्याने चित्रपट 'गोड' करून टाकला, दिग्दर्शकाची ऐनवेळी हिंमत गेली. आणि काका दोनवरच राहिले. आता मात्र कारण वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, "शेवट दिवे लागल्यावर ठेवायचा म्हणजे काय? ज्याला गाडी गाठायची आहे, ज्याच्याबरोबर लहान मूल आहे, त्याने चित्रपट अर्धा पाहिला असं धरायचं? जे सांगायचं ते दिवे बंद असताना सांगावं."

कॉलेजातल्या मुलाने यात भर घातली आणि ती मला वजनदार वाटली. तो म्हणाला, "मत द्यायच्या आधी आता टीव्हीची सेटिंग सांगत बसायचं का? लोक असेच पाहतात. चालू दिव्यांत, मध्ये फोन घेत, थोडं आज थोडं उद्या. चित्रपट त्यातही टिकला पाहिजे." ही भूमिका घेता येते आणि ती प्रामाणिक आहे. पण मग ती तशीच मांडायला हवी: 'घाईगर्दीत पाहिला तर हा चित्रपट हाती लागत नाही.' हे ऐकणाऱ्याच्या कामाचं आहे, त्यावरून तो केव्हा आणि कसा पाहायचा हे ठरवू शकतो. 'बंडल आहे' यातून त्याला काही कळत नाही. तसाच प्रकार टक्केवारीचा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर दिसणारे टक्के म्हणजे किती समीक्षकांना चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला वाटला एवढंच. किती चांगला, ते त्यात नसतं. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेल्या चित्रपटालाही तिथे शंभर टक्के मिळू शकतात. आमची तीनाची सरासरी अशीच मुकी होती.

त्या दिवसापासून गटात एक पद्धत पडली आहे. बोलायला सुरुवात करताना प्रत्येक जण चित्रपट कसा पाहिला ते एका वाक्यात सांगतो, आणि मग तारे न सांगता एक प्रसंग सांगतो. तारे शेवटी. ज्येष्ठांनी शेवटी बोलायचं हे काकांनी स्वतःच सुचवलं. यामुळे चर्चा लांबते, हे खरं आहे. काहींना ते कंटाळवाणं वाटतं आणि दोघांनी तसं सांगितलंही. मला ही किंमत मान्य आहे, कारण पहिल्या दहा मिनिटांत निकाल लावून उरलेला वेळ त्याची वकिली करण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

परिस्थितीमुळे झालेले मतभेद असे बाजूला काढल्यावर जे उरलं ते पहिल्यांदाच खरं भांडण होतं, आणि ते अजून चालू आहे. कारण पुन्हा पाहताना त्याच दीडपट वेगवाल्या मुलाला एक गोष्ट दिसली, जी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चित्रपटाच्या मध्यावर धाकटा भाऊ फाटकाच्या बिजागरींना तेल घालतो. त्यानंतर दोनदा फाटक उघडतं आणि दोन्ही वेळा ते कुरकुरत नाही. श्रेयनामावलीखाली मात्र ते पुन्हा कुरकुरतं.

मग हा आवाज आजचा कसा? मुलाचं म्हणणं, तो धाकट्याच्या आठवणीतला आहे. थोरला परतलेला नाही, धाकटा वीस वर्षं जी वाट पाहत होता तीच पुन्हा ऐकतो आहे. म्हणजे काकांनी पहिल्या दिवशी सांगितलेला अर्थच बरोबर ठरतो, फक्त काकांनी न ऐकलेल्या पुराव्यावर. परिचारिकेला हे मुळीच मान्य नाही. तिचा मुद्दा खोकल्याचा. वीस वर्षांपूर्वीच्या तरुण भावाला तो खोकला नव्हता, जुन्या दिवसांच्या प्रसंगांत तो एकदाही येत नाही. आठवणीतला भाऊ खोकणार कसा? ध्वनीवाल्या मित्राचं तिसरंच मत. मिश्रण करताना सुरुवातीला वापरलेला फाटकाचा तोच आवाज पुन्हा उचलला असेल, असं घाईत होतं, त्यातून अर्थ काढू नये.

मी परिचारिकेच्या बाजूचा आहे. चित्रपटात धाकटा तीनदा तरी माणसाला न पाहता नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि तीनही वेळा त्याची ओळख खरी ठरते. ज्या दिग्दर्शकाने त्याचा कान इतका विश्वासार्ह दाखवला, तो शेवटच्या एकाच जागी त्याला फसवेल हे मला पटत नाही. कुरकुरीचं उत्तर माझ्याकडेही नाही. मुलाने आता पूर्ण चित्रपट पुन्हा पाहायचं ठरवलं आहे, साध्या वेगाने, आणि तेलाच्या प्रसंगानंतर फाटक आणखी कुठे वाजतं का ते तो वेळेसकट लिहून आणणार आहे.